नव्या मशीनचं पहिलं ऑइल बदललंत का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरग तोंडावर आलाय. आमच्या गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात दुकानांबाहेर नवीन ग्रास कटर, तण काढायचे पॉवर वीडर, पाण्याचे पंप ओळीने मांडून ठेवलेत आणि लोक टेम्पोत घालून नेतायत, परवा तर एकजण स्कूटरवर पायात उभा करून ग्रास कटर घेऊन चालला होता. बघून बरं वाटतं. तण काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, अशात सुपारीच्या कुळागरात, मळ्यात, काजूच्या बागेत कोणीतरी अजून स्वतः उतरतोय हेच खूप आहे. पण ती नवीकोरी मशीनं बघून माझ्या पोटात कालवतं पण, कारण यातल्या बऱ्याच मशीनांचं पहिलं ऑइल कोणी वेळेवर बदलणार नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती निळा धूर सोडायला लागली की मालक म्हणणार कंपनीनेच फसवलं, मशीन डुप्लिकेट होतं.

मशीन डुप्लिकेट नसतं हो. नव्या इंजिनला पहिले काही तास जपायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मला पण कोणी सांगितलं नव्हतं म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण कापाकापी न करता छापलंत तर उपकार होतील.

२०१८ साली मी पहिला पॉवर वीडर घेतला. सब्सिडीसाठी जमिनीचे एक-चौदाचे उतारे, कृषी कार्ड, बँकेचं पासबुक, सगळं जमवण्यात दोन महिने गेले, आणि शेवटी मशीन आलं तेव्हा टेम्पोबरोबर एक मुलगा आला, त्याने मशीन उतरवलं, टाकीत पेट्रोल ओतलं, दोरी ओढली, चालू झालं, माझी सही घेतली आणि गेला. पंधरा मिनिटं पण नाही. ऑइलचा विषय निघाला नाही. सोबत जे पुस्तक होतं ते इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, ते मी कपाटावर ठेवून दिलं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की सगळीकडे असंच चालतं, त्या एकट्या दुकानाला बोल लावून काही उपयोग नाही.

मी त्याच दुपारी मशीन फुल गॅसवर खालच्या मळ्यात घातलं. त्या वर्षी सरदाची म्हणजे पावसाळ्यातली भातशेती, मग हिवाळ्यातलं वायंगण भात, मधे पोरसातली, घराकडच्या परसातली भाजी, सगळं त्याच्यावर केलं आणि ऑइल एकदाही बदललं नाही, कमी झालं की वरून घालायचो तेवढंच. दुसऱ्या वर्षी गणेश चवथीच्या सुमारास सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. तिसऱ्या वर्षी दोरी ओढून ओढून खांदा दुखायचा तरी चालू होईना. गॅरेजवाल्याने खालचा बोल्ट काढला तर आतून डांबरासारखं काळं ऑइल आलं, त्याने ते जुन्या ताटात घेऊन उन्हात धरलं आणि मला म्हणाला, "काका, हे बघा." ऑइलमध्ये चमकी होती, चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीला लावतात तसल्या जरीच्या कागदाचा चुरा करून टाकल्यासारखी. ती माझ्या सिलिंडरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याची, आणि पिस्टनवरच्या रिंगांची झीज होती. सिलिंडर उघडला तर आत उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे खोल. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून, नवीन पिस्टन-रिंग घालायचा खर्च ऐकला आणि मशीन तसंच पडवीत ठेवून दिलं, ते अजून तिथेच आहे.

आता हे का झालं ते सांगतो, कारण कारण कळलं की माणूस विसरत नाही.

नवीन इंजिनचा सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत नसतो. कारखान्यात मुद्दाम त्याच्यावर तिरक्या रेघा मारलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासत घासत सिलिंडरच्या गोलाईला बरोबर बसतात. नव्या मुसळाचा आणि नव्या व्हायनाचा (उखळाचा) मेळ जमायला थोडे दिवस जातात तसंच हे. रिंग आपोआप बसत नाही, आत पेट्रोल जळल्यावर जो दाब तयार होतो तो रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर भिंतीवर दाबतो, तेव्हा ती बसते. म्हणून नवीन मशीन नुसतं रिकामं तासन् तास हळू गॅसवर चालू ठेवणं पण चुकीचं. काही लोक तसंच करतात, त्यांना वाटतं आपण मशीन जपतोय. पण दाब कमी म्हणून रिंग नीट बसत नाही, वर ऑइल जातं, ते सिलिंडरवर करपून गुळगुळीत थर धरतो, आणि एकदा तो थर धरला की ते इंजिन जन्मभर ऑइल पितं. आणि उलट, मी केलं तसं पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने जड चिखलात घातलं तर जिथे जिथे धातू जास्त घासतो तिथे गरम होऊन ओरखडे पडतात. दोन्हीच्या मधला रस्ता धरायचा असतो. ज्यांनी जुन्या गाड्या बघितल्यात त्यांना आठवत असेल, नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे मागच्याने समजून घ्यायचं की हा हळू जाणार. तोच हा प्रकार. गाड्यांच्या बाबतीत लोकांना माहीत होता, शेतीच्या मशीनांच्या बाबतीत कोणी बोलतच नाही.

आणि घासून जी धातूची पूड निघते ती जाते कुठे? मोटरसायकलला, कारला ऑइल फिल्टर असतो किंवा निदान जाळी असते. आपल्या वीडरच्या, पंपाच्या या एका सिलिंडरच्या इंजिनांना बहुतेक वेळा ऑइल फिल्टरच नसतो, ऑइल पंप पण नसतो. खाली कनेक्टिंग रॉडला एक छोटी पळी असते, ती फिरताना ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल सगळीकडे उडवते, बस्स, एवढीच सोय. म्हणजे पहिल्या काही तासांत निघालेली सगळी पूड त्याच ऑइलमध्ये फिरत राहते, पळी तीच पुन्हा पुन्हा बेअरिंगवर, सिलिंडरवर फेकते. ती बाहेर काढायचा एकच मार्ग, ऑइल लवकर बदलणं. होंडाच्या जीएक्स १६० आणि जीएक्स २०० या इंजिनांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, पहिलं ऑइल पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी, पुढे दर ६ महिन्यांनी किंवा १०० तासांनी. त्यांचंच छोटं जीएक्स ३५ इंजिन ग्रास कटरला येतं, त्याला पहिलं १० तासांनीच. म्हणजे वीडर घेऊन तीन-चार दिवस काम केलं की पहिलं ऑइल बदलायची वेळ झाली. मी तीन वर्षं नाही बदललं.

हे सगळं मला कळलं कसं तर माझ्या भाच्यामुळे. तो कॅनडात ओटावाला असतो. २०२२ च्या डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर घरासमोरचा बर्फ दाखवत होता आणि त्याच्याकडे नवीन मशीन आलेलं, स्नोब्लोअर म्हणतात, पुढे लोखंडी पात्यांचा स्क्रू फिरतो, तो बर्फ आत ओढतो आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. मी बघितलं तर इंजिन जवळजवळ माझ्या वीडरचंच! तेच एक सिलिंडर, तीच दोरी, तोच चोक. मी म्हटलं अरे हे तर आमचंच इंजिन. तर तो म्हणाला, "मामा, आज याचं पहिलं ऑइल बदलतोय, ५ तास झाले." पाच तास! मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने पुस्तकातलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तिकडे मशीन विकतानाच दुकानदार सांगतो, आधी ऑइल आहे का बघ, मगच दोरी ओढ, कारण बरीच इंजिनं कारखान्यातून ऑइल न घालता येतात आणि कोणी न बघता चालू केलं तर काही मिनिटांत खलास. मग त्याने मला विचारलं, "तू तुझ्या वीडरचं कधी बदललंस?" काय सांगणार त्याला.

त्या मुलाने त्या थंडीत, शून्याखाली पंधरा-वीस अंशांत, मला दोन-तीन रविवार बसून सगळं समजावलं. काही गोष्टी तिकडच्या तिकडेच लागू. तिथे ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल घालतात कारण थंडीत ऑइल घट्ट होतं आणि दोरी ओढताच पळीने ते उडायला हवं, आपल्याकडे तेवढं पातळ लागत नाही, १०डब्ल्यू-३० बरोबर आहे. आणि एक गोष्ट ऐकून तर मला नवल वाटलं, स्नोब्लोअरच्या इंजिनला बहुतेक वेळा एअर फिल्टरच नसतो, कारण बर्फात धूळ नसते आणि फिल्टर ठेवला तर तोच बर्फाने गोठून बंद होईल. आपल्याकडे नेमकं उलटं. आपली तांबडी माती, उन्हाळ्यात काजूच्या बागेत ग्रास कटर मारताना उडणारा भुसा, फिल्टरशिवाय एक तास जरी मशीन चालवलं तरी ती धूळ सॅंडपेपरसारखी काम करते. आणि मी इथे डोळ्यांनी बघितलंय, मशीन चालू होत नाही म्हणून फिल्टर काढून फेकलेला आणि तसंच काम चाललेलं.

२०२३ च्या मे महिन्यात मी दुसरा वीडर घेतला. या वेळी आधी सपाट जागेवर ठेवून ऑइलचं झाकण उघडून बघितलं, तळाला थोडंसं होतं, तेवढ्यावर चालू केलं असतं तर गेलंच असतं. साधारण ६०० मिली लागलं. बघायची पण पद्धत असते, माझ्या इंजिनात डिपस्टिक पुसून परत आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, आणि ऑइल भरायच्या तोंडाच्या काठापर्यंत यायला हवं, काही कंपन्यांत आटे फिरवून बघायचं असतं म्हणून पुस्तक एकदा तरी वाचून घ्या, येत नसेल तर घरातल्या पोरांकडून वाचून घ्या. जास्त भरलं तरी त्रास, ते एअर फिल्टरमध्ये येतं आणि धूर होतो.

पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं रिकामं गरम होऊ दिलं, मग पोरसातल्या भुसभुशीत मातीत घातलं, चिखलात नाही. गॅस मध्यम, अधूनमधून वर-खाली करत, अर्धा-पाऊण तास काम, मग बंद करून थंड होऊ द्यायचं, मग परत. कमी गॅसवर जड काम कधीच नाही, हे लक्षात ठेवा, कारण या इंजिनांना हवा देणारा पंखा फ्लायव्हीललाच, म्हणजे इंजिनच्या जड चाकालाच असतो, इंजिन हळू फिरलं की पंखा पण हळू, ऑइल पण कमी उडतं, आणि वर ओझं जड, मग तापतं. असे पहिले ५ तास झाले आणि मी ऑइल काढलं. पुस्तकात २० तास होतं पण भाच्याचं बघून मी ५ ला काढलं, मग २० ला परत काढलं. ५ तासांच्या ऑइलमध्ये चमकी होती, अगदी स्पष्ट, नव्या मशीनमध्ये. २० तासांच्या ऑइलमध्ये शोधावी लागली. त्यानंतर आजपर्यंत दिसली नाही. इंजिन गरम असतानाच ऑइल काढायचं, पातळ असतं म्हणून सगळं निघतं आणि पूड पण सोबत येते, थंड इंजिनचं काढलं तर गाळ तळाशीच राहतो. गरम म्हणजे हात भाजेल इतकं गरम नको, पाच-दहा मिनिटं थांबायचं.

तास मोजायचे कसे हा प्रश्न मला पण पडला होता. मी पडवीत भिंतीवर कॅलेंडर लावलंय, काम झालं की त्या तारखेच्या चौकोनात तास लिहायचे, आता माझी नात लिहिते, तिला आवडतं.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट, चढ-उतार. पळीने ऑइल उडवायचं तर ऑइल पळीपाशी असायला हवं ना, मशीन एका बाजूला कललं की ऑइल त्या बाजूला जातं आणि पळी कोरडीच फिरते. वर सांगितलेल्या जीएक्स १६० आणि २०० इंजिनांना २० अंशांच्या पुढे कललेलं चालवू नका असं लिहिलंय. सत्तरीत, सांग्यात, काणकोणात उतारावरच्या बागा कशा असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पंप तर लोक पाटाच्या काठावर दगड लावून तिरका ठेवतात आणि चार-चार तास चालवतात. खाली फळी घाला, सपाट करा, मग चालवा. ग्रास कटरची काही छोटी इंजिनं कुठल्याही कोनात चालतील अशी बनवलेली असतात, ती गोष्ट वेगळी.

ग्रास कटरवरून आठवलं, यात एक घोळ फार होतो. बाजारात दोन्ही प्रकारचे आहेत, फोर स्ट्रोक आणि टू स्ट्रोक, दिसायला सारखेच. टू स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरायची जागाच नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसतो, तास-दोन तास पण लागत नाहीत. आमच्या शेजारच्या वाड्यावर एका घरात दोन्ही प्रकारचे कटर आहेत, पेट्रोलचा कॅन एकच होता, मुलाने फोर स्ट्रोकचा कॅन टू स्ट्रोकमध्ये ओतला आणि आणल्यापासून आठ दिवसांत नवीन मशीन गेलं. दोन कॅन ठेवा, वेगळ्या रंगाचे, आणि मिसळलेल्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते माप पुरतं. अंदाजाने ओतू नका.

आता पेट्रोल. हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे, २०२३ मध्ये ते सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर पोचलं. आपल्या शेतीच्या छोट्या इंजिनांची पुस्तकं बघा, कितीतरी ठिकाणी १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको असं लिहिलेलं असतं. सरकारच्या धोरणावर बोलायला मी बसलेलो नाही, पेट्रोल जे मिळतं तेच घालावं लागणार. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय, ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या सत्तरीत त्याहून जास्तच, मीठ बरणीत वितळतं, दारं फुगतात. टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून मशीन महिनाभर पडलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि नळी नेमकी तिथूनच ओढते. पेट्रोल हवेत मिसळतं त्या कार्बोरेटरमध्ये पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड धरते, त्यातलं बारीक भोक, जेट, बंद, रबरी नळ्या चिकट होतात.

माझ्या मेव्हण्याचा पंप असाच गेला. कुळागराला पाणी द्यायचं डिसेंबर ते मे, मग पंप पाऊस संपेपर्यंत खोपीत. ओटावाला बर्फाचं मशीन उन्हाळाभर पडून असतं, आपला पंप पावसाळाभर, गोष्ट तीच, फक्त आपल्याकडे पावसाळाभर हवा ओली म्हणून आपल्याला जास्त जपायला हवं. मेव्हण्याने पंपात पेट्रोल तसंच ठेवलं. डिसेंबरात काढला तर कार्बोरेटर जाम, सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, दोरीच्या झाकणाखाली उंदरांनी काथ्या भरलेला आणि प्लग काढून बघितला तर सिलिंडर गंजलेला. सुपारीला दहा दिवस पाणी नाही. त्या माणसाने सुपारीच्या एकेका झाडाला पोरासारखं वाढवलंय, त्या दहा दिवसांत त्याला झोप नव्हती.

मी आता असं करतो. काम संपलं आणि पंधरा दिवसांच्या वर मशीन लागणार नाही असं दिसलं की टाकी रिकामी करतो, ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालतो, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो म्हणजे कार्बोरेटरमधलं पण संपतं. लांबच्या विश्रांतीला जायचं असेल तर ऑइल आधीच बदलतो, कारण जुन्या ऑइलमध्ये ॲसिड आणि ओल असते ती महिनोन् महिने आत ठेवायची नाही. प्लग काढून त्या भोकातून ५ ते १० मिली ऑइल सिलिंडरमध्ये घालतो, दोन-चारदा हळू दोरी ओढतो म्हणजे ते सगळीकडे पसरतं, प्लग परत लावतो, आणि शेवटी दोरी हळूहळू ओढायची ती जड लागेपर्यंत, तिथे सोडून द्यायची. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, बाहेरची ओली हवा आत जात नाही. या एका गोष्टीला पाच सेकंद लागतात. सायलेन्सर थंड झाला की त्याच्या तोंडाला फडकं बांधतो, कुंभारणीसाठी, आणि मशीन फळीवर ठेवतो, जमिनीवर नाही. चालू करायच्या आधी फडकं काढायचं विसरू नये म्हणून तांबडं फडकं घेतलंय.

एअर फिल्टर, स्पार्क प्लग याचं थोडक्यात सांगतो. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून इंजिन ऑइलचे थेंब घालून पिळून परत लावायचा, कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हळू आपटून झटकायचा आणि खराब झाला की बदलायचा. प्लगची फट माझ्या इंजिनला ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे, टोक खरपूस बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक, काळी काजळी असेल तर फिल्टर बघा किंवा चोक अर्धवट राहिलाय, ओलसर तेलकट असेल तर रिंगांकडे संशय घ्या. इंजिनच्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये गवत-माती भरते ती ब्रशने काढायची, ती हवेची वाट आहे. आणि खोपीत दार लावून पंप चालवू नका, त्या धुरातल्या विषारी वायूने माणूस जातो, त्या वायूला वास पण नसतो.

काढलेल्या ऑइलचं एक सांगायलाच हवं. ते पाटात, व्हाळात (ओढ्यात), झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. म्हादई नदीचं पाणी आपल्याला हवं म्हणून आपण एवढी वर्षं भांडतोय, आणि आमच्याच वाड्यावरचं जळकं ऑइल व्हाळातून तिलाच जाऊन मिळतं, हे मला बघवत नाही. मी जुन्या कॅनमध्ये साठवतो आणि गॅरेजमध्ये देतो, ते लोक गोळा करतात.

संपादक महोदय, आता माझी मागणी. सब्सिडीने मशीनं येतायत ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण प्रत्येक नव्या मशीनबरोबर मराठीत आणि कोंकणीत एक पान तरी द्या, मोठ्या अक्षरात, त्यावर चारच गोष्टी, आधी ऑइल बघ, पहिले तास बेताने चालव, पहिलं ऑइल इतक्या तासांनी बदल, आणि ठेवताना पेट्रोल काढ. पहिल्या बदलाचं ऑइल मशीनबरोबरच बाटलीत द्या, ६०० मिली ऑइलची किंमत मशीनच्या किमतीपुढे काय आहे, आणि बाटली समोर दिसली की माणूस बदलतो, विकत आणायला बाजारात जावं लागलं की पुढे ढकलतो, मी पण ढकललंच असतं. विभागीय कृषी कार्यालयांनी मिरगाच्या आधी एक सकाळ ठेवावी, ज्यांना त्या वर्षी मशीनं मिळाली त्यांनी आपली मशीनं घेऊन यावं आणि तिथेच, स्वतःच्या हाताने, ऑइल काढून भरून दाखवावं. भाषण नको. आणि बायकांना बोलवा, कारण कितीतरी घरांत आता वीडर आणि ग्रास कटर बायकाच चालवतात आणि दुकानदार समजावून सांगतो ते नवऱ्याला. आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा शेतीच्या मशीनांबद्दल छोटा कोपरा दिलात तर त्याचा पण उपयोग होईल, लिहिणारे गॅरेजवाले गोव्यात भरपूर आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या.

माझ्या दुसऱ्या वीडरला तीन वर्षं झाली. काल पावसाळ्याआधीचं ऑइल बदललं, काढलेलं ताटात घेऊन उन्हात धरलं, काळं होतं पण चमकी नव्हती, आणि तिसऱ्या ओढीत चालू झालं. शेजारच्या वाड्यावर या आठवड्यात दोन नवीन मशीनं आलीयत, एक वीडर आणि एक ग्रास कटर. येत्या रविवारी सकाळी नरसाळं, पाना आणि ऑइलची बाटली घेऊन मी तिकडे जातोय, तोपर्यंत दोरी ओढू नका म्हणून निरोप पाठवलाय.

आपला,
एक शेतकरी वाचक,
वाळपई, सत्तरी